ह्यांच्या पावलांसाठी गाणी

१० जाने., शनि.
गेलो एकदाचे. केतकीनं, म्हणजे ह्यांना व्यायाम द्यायला येते ती फिजिओवाली पोरगी, तिनं मंगल कार्यालयाचा मागचा हॉल मागून घेतलाय. लग्न नसेल त्या शनिवारी सकाळी. कंपवाताची चार माणसं आणि त्यांच्या आम्ही चौघी. पाय मोकळे व्हावेत म्हणून जोडीनं नाच शिकवणार म्हणे. वॉल्ट्झ. एक हात हातात, दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर, त्यांचा आमच्या पाठीवर. लाजेनं मेले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण परभणीत रस्त्यानं कधी ह्यांच्या बरोबरीनं चालले नाही, मागंमागंच. पाथरीच्या गुरुजींच्या बाई तर पदर तोंडाला लावून हसायल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावात कळलं तर माझं काई खरं न्हाई."

पण लाज परवडली. भीतीचं काय करू? ह्या नाचात माणसानं पुढं यायचं आणि बाईनं मागं जायचं. केतकी म्हणते, काकू, मागं बघायचं नाही, काकांवर सोडायचं. न्हाणीच्या उंबऱ्याशी ज्यांचे पाय फरशीला चिकटून बसतात, निघता निघत नाहीत, त्यांच्यावर काय सोडू?

१२ जाने.
केतकीची इंग्रजी गाणी कामाची नाहीत. ठेका तीनचा आहे, पण 'एक' कुठं पडतो ते ह्यांना सापडत नाही. पाय उचलेपर्यंत तो निघून जातो. मी बोलून गेले, अगं हा तर आपला दादरा. झालं, गाणी निवडायचं काम माझ्या गळ्यात. शाळेत पोरींना पेटी शिकवली एवढीच माझी पुंजी. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "जन्मभर तुझ्याच तालावर नाचलो की. आता काय नवीन?"
बऱ्याच दिवसांनी हसले.

१७ जाने., शनि.
आज जीव जाता जाता राहिला.
जुनं गाणं लावलं, छान दादरा. हे चालले. खरंच चालले, पाऊल मोठं पडत होतं. आणि अंतरा संपून मुखडा घेताना तबला थांबला. आपल्या गाण्यांत थांबतोच, त्याचीच तर मजा असते. हे एक पाय उचललेला तसेच उभे. डोळे माझ्यावर. सगळा भार माझ्या खांद्यावर आला. मागं भिंत किती लांब आहे ते मला माहीत नव्हतं. तबला परत आला तेव्हा पाय खाली टेकला.
तबला थांबला की हे थांबतात. 

२० जाने.
भाकरी थापताना गाणी ऐकतेय, भाजी चिरताना गाणी ऐकतेय. सुरुवातीला लांब आलाप असेल ते नको, पाय कधी उचलायचा कळत नाही. फार ओळखीचं नको, हे गुणगुणायला लागतात आणि पाय विसरतात. एकदम तुटून संपणारं नको. भजन तर मुळीच नको. शेवटाकडं लय चढते, आणि लय चढली की ह्यांची पावलं आखूड आखूड होत पळत सुटतात. समोर भिंत असली तरी थांबता येत नाही.
गाणं म्हणजे माझा जीव की प्राण. आता कुठलंही लावलं की हे कुठं पडतील तेवढंच ऐकू येतं.

२४ जाने., शनि.
एक बरं सापडलं. हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ह्यांनी मला नेलं. मी नाही, त्यांनी नेलं. वळण आलं तिथं पाठीवरच्या हातानं जरा दाबलं, मला कळलं कुठं जायचं ते. तरुणपणी हा हात असा कधी बोलला नाही. डोळ्यात पाणी आलं आणि तेवढ्यात फोनवर जाहिरात. सिमेंटची. त्यातली बाई केवढ्यानं ओरडली! हे दचकले, गुडघे वाकले, केतकीनं मागून कमरेला धरलं म्हणून बरं.
दुसऱ्यांच्या गाण्यावर भरवसाच नाही. स्वतःच पेटी वाजवून फोनमध्ये भरून घ्यावं.

२८ जाने.
भरलं. मोबाइलवरचा तबला चालू ठेवला, दादरा, ह्यांच्या पावलाच्या लयीत. वर पेटी. शब्द नाहीत, थांबणं नाही, लय चढणं नाही. चाली मनात काही ठरवल्या नव्हत्या, हात जाईल तिकडं जाऊ दिला. ह्यांना ऐकवलं. खुर्चीवर बसल्या बसल्या पाय एकसारखे हलवले. म्हणाले, हे चांगलंय, यात कुठं खड्डा नाही.
मलाही तसंच वाटलं. आज झोप लागेल.

१ फेब्रु.
काल लिहिणं झालं नाही.

कपाळाला टाके पडले. हाड मोडलेलं नाही. डोक्याचा फोटो काढला, तोही ठीक आहे म्हणाले. हे झोपलेत. मी बघून येते, छाती हलतेय ना ते, आणि परत लिहिते.

तिसरी की चौथी चाल असेल. पेटी वाजवताना माझा हात कुठं गेला ते माझं मलाच कळलं नव्हतं. आरती झाली की शेवटी आपण हात जोडून जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, तेव्हाची चाल. संथ वाजवलेली, शब्द नसलेली, म्हणून भरताना ओळखू आली नाही. हॉलमध्ये मोठ्या आवाजात लागली आणि चारही जोड्यांनी हात सोडले. जोडले. फिरायला लागले. गुरुजी, त्यांच्या बाई, सगळे. कुणी ठरवून केलं नाही. केतकीसुद्धा फोन काखेत धरून हात जोडून फिरली. मग एकमेकांकडं बघून हसले.
हे अर्धे फिरले. पाय तिथंच चिकटले आणि वरचं अंग फिरत गेलं. प्लास्टिकच्या खुर्चीची कड लागली.

मला त्यांना धरायचं होतं. माझे हात जोडलेले होते. मी त्यांचा हात सोडला होता.

३ फेब्रु.
अमोलचा पुण्याहून फोन. आई, बास आता ते नाचणं. तुला तरी काय सुचलं. मी म्हटलं, बास. तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं, हळू बोलला.
हात सोडल्याचं त्याला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. कुणालाच नाही.
हे आल्यागेल्याला सांगतात, देवाला नमस्कार करता करता पडलो. लोक हसतात. मी आत जाऊन चहा ठेवते.

६ फेब्रु.
घरात गाणं बंद. पेटीवर चादर टाकली.
आधी पलंगापासून न्हाणीपर्यंत मी नुसतं गुणगुणले तरी हे जायचे. आज उंबऱ्याशी अडकले आणि म्हणाले, म्हण की काहीतरी. मी म्हटलं नाही. दोन्ही हात धरून ओढलं. ओढलं की आणखी चिकटतात, हे मला माहीत आहे. तरी ओढलं. मग वेळेवर पोचता आलं नाही. धोतर बदललं. 

११ फेब्रु.
दुपारी गल्लीतून वरात चालली होती. हे पलंगावर बसले होते, चादरीखाली पाय हलायले होते. दोन्ही. तालात. उठायला बघतात की काय, म्हणून धावत जाऊन खिडकी लावली. पाय थांबले.
त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कडी नीट बसली का ते बघत राहिले.

१४ फेब्रु., शनि.
वर्गाला गेलो नाही. वर्ग झाल्यावर केतकीच आली. म्हणाली, काकू, पडणं या आजारात व्हायचंच, तुमच्या चालीनं झालं नाही. चालले नाहीत तर पाय कायमचे जातील, मग पलंगच. हे ऐकत होते. मी म्हटलं, बाळा, तू लहान आहेस. तिनं ह्यांचे पाय हलवून बघितले, चेहरा उतरला तिचा. जाताना सांगून गेली, घोटे आखडायलेत.
तिला चहासुद्धा विचारला नाही मी. काय झालंय मला.

१७ फेब्रु.
भीती कशाची ते आज धड लिहून काढते. पडतील याची आहेच. पण त्याहून जास्त ही, की गाणं लागेल, माझं भान जाईल आणि मी परत हात सोडीन. माझ्या हातांचा मला भरवसा उरलेला नाही. भाजी चिरतानाही बघत बसते हातांकडं.

१९ फेब्रु.
सकाळी ह्यांना पलंगावरून उठवता आलं नाही. शेजारच्यांना बोलावलं, दोघांनी उचलून खुर्चीत ठेवलं. गेल्या महिन्यात हा माणूस मला हॉलभर फिरवत होता.
शेजारी गेल्यावर ह्यांनी मला बोलावलं. आवाजही बारीक झालाय आता, जवळ जावं लागतं. जवळ गेले.
म्हणाले, "मी पडीन. पडू दे. पण असं बसवून ठेवू नकोस मला."
मी म्हटलं, मागच्या वेळी मी हात सोडला होता. तोंडातून निघूनच गेलं.
"माहीत आहे," म्हणाले. "मी पण सोडला की तुझा."
मी रडले. लय रडले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर थरथरत होता, तसाच ठेवला त्यांनी.

२० फेब्रु.
पेटीवरची चादर काढली, परत टाकली. पेटी नको. माझे हात कुठं जातील सांगता येत नाही.
केतकीला फोन करून सांगितलं, येतो. ती म्हणाली, ती मागून धरील, पूर्ण वेळ.  ह्यांच्या पायांना तेल लावलं. उंबऱ्यापाशी गुणगुणले, अगदी हळू. पहिलं पाऊल निघालं नाही. दुसऱ्या खेपेला निघालं.

२१ फेब्रु., शनि.
रिक्षा दारात उभी आहे. हे बूट घालून ओसरीवर बसलेत, केव्हाचे. मी आत हे लिहीत बसलेय, कारण लिहितेय तोवर निघायचं नाही.
फोनमध्ये जाहिरात न येणारी दोन गाणी घेऊन ठेवलीत. पहिलं पुरतं ऐकलंय. सरळ आहे, तबला कुठं थांबत नाही, पण जीव नाही त्यात. ह्यांना ऐकवलं तर पाय हललेच नाहीत. दुसरं लावलं आणि दोन्ही पाय उचलले गेले, मान वर आली. घाबरून मी मध्येच बंद केलं. पुढं लय चढते का, तबला थांबतो का, मला माहीत नाही. आत्ता ऐकून बघायला हवं. वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही नाही.
ह्यांनी हाक मारली, झालं का. नाही म्हटलं.
परत मारली. या वेळी आवाज मोठा होता.
दुसरं घेऊन निघते.