हूटगळ्ळीचा मध

४ फेब्रु.
रिपोर्ट आला. लिव्हर. डॉ. म्हणाले, इतकी वर्षं घरोघरी वाळवीचं, झुरळांचं औषध मारलंत, तेच भोवलंय. तोंडाला काय बांधायचात? हे म्हणाले, रुमाल. फवारणीचा पंप आजपासून बंद. काम धाकटे दीर नागेश बघणार.
रिक्षाने चामराजपुरमला आलो. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "स्वल्प कॉफी मिळेल?" मला रडू आलं.

७ फेब्रु.
फोनवर वाचतेय. मध, पराग, मधमाश्यांचा तो डिंक, सगळं लिव्हरला म्हणे ढालीसारखं. फवारणीच्या विषावरसुद्धा. डॉ.ना दाखवलं. ते म्हणाले, "अम्मा, हे प्रयोग उंदरांवरचे. तुमचे यजमान उंदीर नाहीत."
नसू देत. उंदराला गुण येतो, माणसाला का येऊ नये? बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर गोड काडी.

९ फेब्रु.
नागूला सांगितलं, बाटलीतला नको, अस्सल मध पाहिजे. संध्याकाळी डबा घेऊन हजर. "वैनी, शुद्ध जेनु. हूटगळ्ळीचं." पोळ्यासकट. पिवळे परागाचे कप्पेही होते. सगळं चुरून बरणीत भरलं. सकाळ-संध्याकाळ चमचा. हे पोरासारखे तोंड उघडतात.

१६ फेब्रु.
सोसलेच्या मठात जाऊन आले. काय मागितलं ते लिहीत नाही.
डोळ्यांचा पिवळेपणा कमी वाटतोय. ह्यांना विचारलं. म्हणाले, "हौदु, कमी आहे." आरशात न बघताच.

२३ फेब्रु.
वाढलंय. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कमी नाही, वाढलंय. डॉ.नी पुन्हा पुन्हा विचारलं, पंपाला हात लावला का? शपथेवर नाही. बाकी काही देता? मी म्हटलं, काही नाही. पुन्हा ते उंदीर कोण ऐकणार!
घरी येऊन चमचे वाढवले. चारदा.

२६ फेब्रु.
बरणी संपत आली. नागू फोन उचलेना, त्याचं काम अजून तिकडेच चालू, म्हणून बसने हूटगळ्ळीला गेले, कामावरच गाठू म्हटलं.
नवी इमारत. गॅलरीखाली हे एवढं पोळं. नागू तोंडाला रुमाल बांधून, लांब नळीने त्यावर औषध मारत होता. ह्यांचाच पंप. माशा पटापटा खाली पडत होत्या. मग पोळं कापून डब्यात. आमचाच डबा, निळ्या झाकणाचा.
मी ओरडले. तो म्हणाला, "एनायतु, काय झालं वैनी? आपण असंच करतो की. अर्धं घरमालकाला, अर्धं आपल्याला. वरवरच मारतो. आतल्या जेनुला काय होत नाही."
खरंच. आमच्याकडे मध कायम असाच आला. दसऱ्याला शेजारीपाजारी बाटल्या मीच वाटल्या. तो कसा काढतात, हे कधी विचारलं नाही. फुकटचा मध, कोण विचारतं?
मी पायरीवर बसले. एक मेलेली माशी चपलेला चिकटली होती.
मी, माझ्या हाताने, चारदा.

२७ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. आधी पाठ करून ठेवलं होतं, तरी निम्म्यात तुटलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला पहिल्याच चमच्याला वास आला होता. इतकी वर्षं मारतोय, मला कळणार नाही?"
"मग बोलला का नाहीत?"
"तू किती दिवसांनी हसली होतीस. आणि वाटलं, अंगात एवढं गेलंय, चमच्याने काय होतंय."
असा राग आला! बरणी फेकणार होते. ओरडले, मी हसावं म्हणून विष खाता? मला काय विधवा होऊन हसायचंय? नको ते बोलले. हे भिंतीकडे तोंड करून पडले. मग मीच जाऊन पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं लागली.

२८ फेब्रु.
डॉ.ना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. पण म्हणाले, उद्या यजमानांना उपाशीपोटी आणा, बरणीही आणा. तुम्हीही इतकी वर्षं तोच मध खाल्लात, तुमचंही रक्त घेऊ. आता थांबेल का, विचारलं. म्हणाले, बघू.
नागूलाही चल म्हटलं. त्याला उद्या दोन बिल्डिंगी आहेत म्हणे. सकाळी दारातच धरते.
बरणी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. संध्याकाळी चमच्याच्या वेळेला हे स्वैपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मी बाहेरच आले नाही.