पाळणाघराचं पाणी

ता. ९ नोव्हेंबर

चि. बारकीस,
ताईचे अनेक आ.

तुझं पार्सल पोचलं. बाटल्या बघून आईला वाटलं तू अत्तर पाठवलंस. रिकाम्या निघाल्या तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तू लिहिलं होतंस तसं सगळं केलं. बोअर बराच वेळ चालू ठेवला, नळी बादलीच्या तळाशी सोडली, बाटली पाण्यात बुडवली आणि बुडालेली असतानाच झाकण लावलं. एकही बुडबुडा राहता कामा नये म्हणालीस, म्हणून आईला चष्मा लावून बुडबुडे शोधायला बसवलं. ती दर वेळी एक शोधून काढायचीच. शेवटी कळलं की तो ठिपका तिच्या चष्म्यावर होता.

अंगणातली मातीही पाठवते आहे, एक पुडी झोक्याखालची, एक कुंपणाजवळची. हे सगळं कशासाठी ते मला अर्धंमुर्धं कळलंय. खडकात मुळातच थोडं युरेनियम असतं, त्यातून एक वायू पाण्यात उतरतो, आणि तो कुठे किती आहे हे तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं मोजत हिंडता. आपल्या बोअरचं पाणी इतकं गोड की अर्धी गल्ली इथून भरून नेते, तेव्हा पहिला नंबर आमचाच. बक्षिसाचं बघ.

पाळणाघर गच्च भरलंय. बसचालकाचा मुलगा, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, तो आता रडत नाही, गातो. फरक फक्त मलाच कळतो. वेळेवर जेवत जा, आणि आमच्या वाटणीची माया यंत्रांवर उधळू नकोस.

तुझी,
ताई


ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

मातीचं उत्तर इतक्यात मिळणार नाही. ती वाळवून, चाळून, हवाबंद डब्यात महिनाभर कोंडून ठेवावी लागते, तेव्हा कुठे ती यंत्राशी खरं बोलते. पाणी मात्र लगेच मोजावं लागतं, कारण त्यातला तो वायू, म्हणजे रेडॉन, चार दिवसांत निम्मा होतो. ते उत्तर आलंय. हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं.

आपल्या बोअरमध्ये रेडॉन मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे. दुसरी बाटली मी स्वतः पुन्हा मोजली, मग आमच्या विभागप्रमुख बाईंनी मोजली. आकडा हलला नाही.

घाबरून जाऊ नकोस. यानं उद्या कुणी आजारी पडत नाही, आणि यात तुझी काही चूक नाही, खडकच तसा आहे. पोटात जातं त्यापेक्षा काळजी श्वासाची. पाणी सांडलं, उडालं की वायू हवेत येतो, आणि बंद खोलीत साठत गेला तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसांना बाधतो. मुलं निजतात ती खोली न्हाणीला लागून आहे, आणि थंडीत तू खिडक्या गच्च लावून घेतेस. म्हणून पालकांच्या कानावर घालायला हवं. आठवड्याभरात तसं कळवायला सांगणारा कार्यालयाचा कागद तुला येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं.

आईला नमस्कार. रागावलीस तर पोटभर रागव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी,
बारकी


ता. २१ नोव्हेंबर

चि. बारकीस, आ.

पत्र वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

कागद थोडा थांबव. पुढच्या वर्षाची नावं याच महिन्यात नोंदवायची असतात. रेडॉन कुणाला समजणार नाही, युरेनियम एवढा एकच शब्द गल्लीभर फिरेल आणि झोके रिकामे पडतील. हे घर मी कसं उभं केलंय ते तू पाहिलंयस. न सांगता कायमचं दडपून ठेव असं म्हणत नाही. नोंदणी उरकू दे, मग मीच सांगेन.

आणि एक विचारू? ती बाटली मी झाकण न लावता ओट्यावर ठेवली असती, जरा हलवली असती, तर वायू उडून गेला असता ना? तशी एक पाठवली तर तुझ्या बाईंना काय कळणार आहे? हे लिहिताना माझं मलाच हसू आलं आणि मग रडूही आलं. एवढी वर्षं लोकांच्या पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवतेय.

लोभाचं नंतर बघू.

ताई


ता. २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद माझ्या हातात नाही, आणि असता तरी मी थांबवला नसता. त्या खोलीत माझं पोर निजत असतं तर मला आजच कळायला हवं होतं, एवढंच डोक्यात येत राहिलं.

पण तुझ्या उघड्या बाटलीचं बाईंना सांगितलं. रागावू नकोस, त्या हसल्या आणि म्हणाल्या की तुझ्या ताईला उपाय सापडलाय, तिला फक्त तो चोरी वाटतोय. एक बाटली उघडी ठेवलीस तर ती फसवणूक. सगळंच पाणी उघडं केलंस तर तो इलाज! बोअरचं पाणी घरात येण्याआधी गच्चीवरच्या टाकीत फवाऱ्यासारखं पाडायचं, खालून पंपाने हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि निघालेला वायू बाहेर मोकळ्यावर जाऊ द्यायचा. मग तेच पाणी नळाला. सोबत चित्र काढलंय. ते कोंबडीच्या खुराड्यासारखं दिसतं, पण नळवाल्याला कळेल. आणि निजायच्या खोलीतल्या फरशीच्या भेगा बुजवून घे, थंडी असली तरी दिवसातून खिडक्या उघड. जमिनीतूनही तो थोडा वर येतच असतो.

उत्तर नाही आलं तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा लिहिणारच. तेवढा हक्क धाकटीला असू दे.

तुझी,
बारकी


ता. ५ डिसेंबर

चि. बारकीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताई लिहीत नाही म्हणून मी लिहिते. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, तुझे आकडे तरी आम्हाला कुठे लागतात.

कागद आला तो तिने दारातच उभ्याने वाचला. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं की मला आठवडाभरापासून माहीत आहे. तुझं पत्र तिने उशीखाली ठेवलं होतं आणि गादी मीच झाडते. सकाळी ती कुणाची वाट न बघता फाटकात जाऊन उभी राहिली. एकेका आईबापाला थांबवून तेच सांगत होती, पाण्यात काय निघालं, ते कशाने वाईट, आणि ती काय करणार आहे. आवाज सुरुवातीला कापत होता. चौथ्या-पाचव्या माणसाला सांगताना कापायचा थांबला.

बसचालक ऐकून भोंग्याला घेऊन परत गेला. ते तिला फार लागलं. आणखी दोघीतिघी विचार करून सांगतो म्हणाल्या. शिंपीणबाई मात्र म्हणाल्या की जी बाई स्वतःहून वाईट सांगते तिच्याकडे पोर ठेवायला मला भीती वाटत नाही.

नळवाल्याने तुझं चित्र उलटं धरलं होतं, ते मी सरळ करून दिलं. आता गच्चीवर दिवसभर फुसफुस चालते, मला वाटतं वर कुणीतरी घोरतंय. मुलं स्वेटर घालून उघड्या खिडकीत निजतात. नव्या बाटल्या भरून पाठवल्यात. या वेळी चष्मा पुसून घेतला होता.

ताईचा राग उतरलाय, फक्त ते तिला अजून कळलेलं नाही. तू लिहीत राहा.

तुझी,
आई


ता. १२ जानेवारी

चि. बारकीस,
ताईचे पोटभर आ.

तुझं दोन ओळींचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. पाण्यातला रेडॉन मर्यादेच्या पार खाली, मातीत वावगं काहीच नाही. आईने दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली, कारण झोक्याखालची माती तिने स्वतः भरली होती आणि ती पास झाल्याचा मान तिला हवा होता.

भोंगा धरून दोन मुलं सोडून गेली ती गेली. उरलेल्यांची नावं नोंदवून झाली. काल दुपारी बसचालक आला. हातात पाण्याची बाटली, त्यांच्या घरच्या बोअरची. म्हणाला की तुमचं ऐकल्यापासून घरच्या पाण्याकडे बघवत नाही, हे कुठे तपासून मिळतं? ती बाटली मी ओतून टाकली, कारण अर्धी हवाच होती. मग त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले आणि कशी भरायची ते दाखवलं. त्याने इतक्या काळजीने भरली की बाही कोपरापर्यंत भिजली. तिच्यासोबतच हे पत्र पाठवते आहे, रेंगाळत ठेवू नकोस. भोंग्याचं मी काहीच विचारलं नाही. त्याची छोटी उशी इथे राहिली होती ती द्यायला नेली होती, तर म्हणाला, असू दे तुमच्याकडेच.

आता माझं एक काम कर. तुमच्या अहवालात घरांना नुसते आकडे देता, कुणाचं घर ते कळू नये म्हणून, असं तू आईला लिहिलं होतंस. आमच्यापुढे सरळ पाळणाघर असं लिही. दोन्ही मोजमापं लिही, पहिलंसुद्धा. कुणाला काही विचारायचं असेल तर त्यांना माझ्याकडे पाठव. तुझं टाकीचं चित्र आता मीच सरळ धरून समजावते.

सुट्टी मिळाली की ये. आपण गच्चीवर बसू, तिथे बोलता येतं, फुसफुशीमुळे खाली आईला काही ऐकू जात नाही.

तुझ्यावर रागावता येतं हेच आपल्या लोभाचं माप समजणारी,
ताई