हिरवी जीप आणि माझा जनसंपर्क

४ जानेवारी
शहर सुटलं एकदाचं. रिटायर होऊन खेड्यात घर घेतलं. बाजार बारा किलोमीटरवर, मधे नुसती शेतं. इथले गुरांचे डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले, जाताना आपली हिरवी जीप मला विकून गेले. जुनी आहे. रंग उडालाय, हॉर्न बसलाय. माझ्या हाताखाली सुधारेल.
संकल्प: वर्षभरात इथल्या लोकांना आपलंसं करणे.

६ जानेवारी
बाजाराची पहिली फेरी. अठ्ठावीस जणांनी हात केला. ट्रॅक्टरवाले, सायकलवरची बाई, बांधावरचा म्हातारा. शहरात एकाच इमारतीत एकोणतीस वर्षं काढली, वॉचमन शेवटपर्यंत विचारायचा, कुणाकडे जायचंय. इथे दोन दिवसांत अठ्ठावीस. माणसाची पारख खेड्यातच उरली आहे. आजपासून आकडा लिहून ठेवणार.

९ जानेवारी
छत्तीस. दोघांनी लांबून ‘डॉक्टर’ अशी हाक मारली. उभी हयात विमा कंपनीत गेली, पण विद्वत्ता चेहऱ्यावर दिसतेच. त्यांची चूक दाखवून देणं बरं दिसलं नसतं.

१२ जानेवारी, सकाळी सहा
एक बाई शेळी घेऊन दारात. म्हणाली, जीप दिसली म्हणून आले, शेळी खात नाही. मी सुचवलं, जरा मन रमवा तिचं, हवापालट करा. बाईने एकदा जीपकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग शेळी ओढत परत गेली. विचारात पडली असावी.
बायको म्हणते, लोक जीपला हात करतात, तुम्हाला नाही. ती रोज दूध आणायला पायी जाते. तिला कुणीच हात करत नाही, नुसते थांबून तासभर बोलतात. तिचं दुःख मी समजू शकतो.

१८ जानेवारी
गावच्या वाचनालयाला अध्यक्ष हवाय. २ फेब्रुवारीला निवड, तीही हात वर करून. नियम माझ्यासाठीच केल्यासारखा. विरोधात शिंपी. बिचारा सायकलवर फिरतो.
संकल्प: रोज दोन फेऱ्या.

२१ जानेवारी
प्रचार म्हणून जीपची पुढची काच घासून धुतली. उमेदवाराचा चेहरा स्पष्ट दिसायला हवा. आजचा आकडा: सात. त्यातले तीन हात अर्ध्यातूनच खाली गेले. शिंप्याने लोकांचे कान भरलेत.

२५ जानेवारी
काच धुवायचा कंटाळा केला, पुन्हा धूळ बसली. चौतीस. शिंप्याचा डाव फसला.

१ फेब्रुवारी
आरशासमोर भाषण चारदा म्हटलं. बायकोने विचारलं, वाचनालयात कधी पाऊल तरी टाकलंय का. उद्या टाकतोच आहे.
खरं सांगायचं तर पदाचं मला काही नाही. चार माणसांत कुणीतरी आपल्याला ओळखावं, एवढंच हवंय.

२ फेब्रुवारी, दुपारी चार
हॉल भरलेला. शिंप्याचं नाव झालं, माझं झालं. मग दूधवाला उठला आणि म्हणाला, ही दोन्ही नावं राहू द्या, आपल्या हिरव्या जीपवाल्या डॉक्टरांनाच करा. सगळे हात वर. मी मोजले, त्रेसष्ट. शिंप्याचाही होता.
उठलो. हात जोडले. भाषणाची पहिली दोन वाक्यं म्हटली. मग लक्षात आलं, सगळे माझ्या मागे बघतायत. मागच्या रांगेत गुरांचे डॉक्टर, काळा चष्मा लावून. ऑपरेशन उरकून सकाळच्या बसने परत आलेले. टाळ्या.
खाली बसलो. शेळीवालीने शेजारणीला विचारलं, हे कोण. शेजारीण म्हणाली, दुधाला येतात ना त्या ताई, त्यांचे मिस्टर.
डॉक्टरांचं घर बाजाराच्या वाटेवर, तिकडची बस संध्याकाळची. डॉक्टरांनी विचारलं, घरी सोडता का. नाही कसं म्हणणार. वाटेत एकेचाळीस जणांनी हात केला. डॉक्टर खिडकीतून एकेकाला नावाने हाक मारून, गाय कशी आहे, म्हैस व्याली का, विचारत होते. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी चालवत होतो.