सुषमाचा कार्बन

१२ जाने., सोम.
सु.ला केबिन मिळाली. बुटीबोरीच्या स्टील कारखान्यात इतकी वर्षं हिशेब करणारी माझी बायको आता ‘कार्बनचं बघते’. त्यांचा माल युरोपात जातो. तिकडे आता मालामागच्या धुरावरही कर, म्हणून धुराचा आकडा काढायला माणूस हवा. मी वीज केंद्रात बॉयलरपुढे आयुष्य काढलं, मला कोणी केबिन दिली नाही. पेढे आणले तिने. दोन खाल्ले. चांगले होते, त्याचाही राग आला.

१८ जाने., रवि.
घरी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत पेपर धरून. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काहून वं सुषमा, धुरावर टॅक्स म्हणजे आमच्या गॅसवरही का?”
“नाही ना काकू, कारखान्याले. जितका कोळसा जास्त जाळला तितका तिकडच्या गिऱ्हाइकाले जास्त भरा लागते. मंग तो आपला माल कायले घेईन?”
किती सोपं करून सांगते. मला नाही जमत. कोणीतरी म्हणालं, तुझे मिस्टर पण कोळशातच ना? तर म्हणे, “हो, पण त्यायचं अन् माझं उलटं काम आहे.” सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात?

२१ जाने., बुध.
कारखान्याने नेमलेल्या पुण्याच्या सल्लागाराचा सु.ला रोज फोन. हिचं ‘सर, सर’. त्याच्याशी अगदी पुस्तकी मराठी. जेवताना मला विचारलं, “पावसाळ्यातला उमरेडचा कोळसा ओला होता. वजन गेटवरचं धरू का सुकल्यावरचं? लॅबनं कार्बनचे टक्के तर सुक्याचे देले आहेत.”
टीव्हीवरून नजर न काढता म्हटलं, “गेटवरचं धर. काट्यावर आलं तेच खरं.”
साफ चूक. असं केलं की कोळशातलं पाणीही कार्बन म्हणून मोजलं जातं, धुराचा आकडा फुगतो. आमच्याकडे नव्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण पुण्याचे सर आहेत ना, बघतील ते.

३० जाने., शुक्र.
आकडा गेला युरोपला. सरांनी वजनाबद्दल हटकलं होतं म्हणे. “मी सांगितलं, घरी विचारून घेतलं आहे, त्यायची जिंदगी कोळशात गेली.” हे मला कौतुकाने सांगून राहिली होती. भाजी पुन्हा वाढली. ती ताटात टाकून उठलो.

६ फेब्रु., शुक्र.
ऑर्डर थांबली. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या मालामागे धूर फार, दुसरा कारखाना बघतो. साहेबांनी सु.ला सगळ्यांपुढे झापलं. सोमवारी ठरणार, काम तिच्याकडे ठेवायचं की पुण्याला द्यायचं. घरी येऊन एवढंच म्हणाली, “आकडा बरोबर आहे माझा.”
माझ्या मनात आधी काय आलं? बरं झालं, जाऊ दे ती केबिन. असा मी. मग तिचा चेहरा बघितला आणि…

८ फेब्रु., रवि.
सु. सकाळपासून गणित पुन्हा मांडते आहे. वजनाला हात लावत नाही, कारण ते मी सांगितलेलं. सुधारलेला आकडा आज गेला तर ऑर्डरही वाचेल, सु.चं कामही. चहा केला, समोर बसलो. म्हटलं, “सुषमा, ते कोळशाचं वजन…”
तेवढ्यात पुण्याचा फोन. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “नाही सर, ते चुकायचे नाहीत. कोळशाच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा त्यांचं मानते.”
हेच ऐकायचं होतं मला. महिनाभर याच्यासाठीच जळत होतो. आता खरं सांगितलं की हे गेलं.
फोन ठेवून तिने विचारलं, “हं, वजनाचं काय म्हणून राहिले होते तुम्ही?”
म्हटलं, आधी चहा पी, गार होतो आहे. प्यायली. कप खाली ठेवला आहे. मी वही ओढून लिहीत बसलो, तरी ती उठलेली नाही.