धाकट्याच्या घरातलं वायरलेस

पिंपळवंडी, मंगळवार, २००९

लेकीनं नातीचा पहिला फोटो मेल केलाय आणि कॉम्प्युटर नेटला लागत नाय. वायरलेसचा डबा भिंतीपलीकडं, धाकट्या भावाच्या घरात. पासवर्ड तोंडपाठ, तरी चुकीचाच म्हणतोय. तीनदा बंद करून चालू केला, मागच्या पिना काढून पुसल्या. चुकीचाच. दमलो.

मग आठवलं. रविवारी सामायिक विहिरीवर धाकट्याची पाळी असताना मोटर मीच चालू केली व्हती. म्हणूनच त्यानं पासवर्ड बदलला. त्याचं तरी काय चुकलं? पण मी का जाऊ आधी?

शेवटी बायकोच गेली आणि नात बघून आली. लेकीनं काकालाही फोटो पाठवलेला. "नाक तुमचंच," बायको म्हणाली.

आणि पासवर्ड?

"भावजी म्हणले, दादाला येऊ दे. फोटो उघडाच ठेवतो."