मधलं अंडं

वालावल, ता. कुडाळ
२ जून २०२५

चि. मंगेश यास भाईचे आशीर्वाद. यापुढे 'अनेक उत्तम' लिहायची रीत आहे, ते दोन शब्द मुद्दाम गाळले आहेत. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हा कागद.

मी आणि तुझी वहिनी सुखरूप पोचलो. रॉटरडॅमला महिनाभर राहिलो ते आमच्या लेकीकडे, अक्षयेकडे. तुझ्याकडे नव्हे. तू तिथल्या बंदरावर नोकरीला आहेस, हा काय आमचा गुन्हा? पण जाता जाता काकांबरोबर एकदा तरी जेवा म्हणून पोरगी हात जोडायला लागली, आणि मी मूर्खासारखा त्या इरिट्रियाच्या हॉटेलात येऊन बसलो.

एका ताटात सगळ्यांनी जेवायचं, याचं मला काही वाटलं नाही. आदल्या आठवड्यात स्टेशनजवळच्या इथिओपियाच्या हॉटेलात मी अक्षयेच्या ताटात जेवलोच की. सुपाएवढी आंबोळी, तिच्यावरच डाळी, भाज्या, रस्से ओतलेले, चमचा नाही, आंबोळीच्या तुकड्यानेच उचलायचं. जरा जास्त आंबट, पण बरी. तुझ्या त्या हॉटेलच्या मालकीणबाई, लेमलेम, त्यांनीही प्रेमाने वाढलं. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं, असं अक्षयेकडून समजावून सांगितलं. मधोमध कोंबडीचा लालभडक रस्सा आणि त्यात एकच उकडलेलं अंडं. मी वडील म्हणून बाईंनी ते माझ्या बाजूला सरकवलं. आणि तुझा हात आला! घारीसारखा आला आणि अंडं उचललं.

साठीला आलास मेल्या, खोड गेली नाही. आई आपल्याला एकाच पितळीत वाढायची, बांगडा एक. पोटाकडचं मऊ मऊ तुझ्या घशात आणि काटे माझ्यापुढे. मी कुरकुरलो की लहान आसा तो, खावंदे, असं आई म्हणायची. आणि सगळा गाव कौतुक करायचा, बघा, भाऊ कसे एका ताटात जेवतात. त्या ताटात मी काय जेवलो ते माझं मला ठाऊक. म्हणून भरल्या ताटावरून उठलो. पुन्हा बसवशील तर पुन्हा उठेन.

आता गणपतीचं. देवबागला नवं घर बांधलंस, तिथे गणपती वेगळा आणणार असं बोलून बसला आहेस. आण. पण आजोबांपासून ज्या पाटावर आपला गणपती घडतो, तो पाट नागपंचमीला मूळ घराच्या नावानेच गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे जाईल. पाट मागायला येऊ नकोस.

लोभ असावा असं लिहून खोटं बोलत नाही.
भाई


रॉटरडॅम
२० जून २०२५

ती. भाईस मंगेशचा शि. सा. न. वि. वि. यातल्या 'सा.'ला फार त्रास झाला. तुझ्यापुढे साष्टांग घालायला अंग वाकत नाही.

पत्र मिळालं. वाह रे वाह! समुद्र ओलांडून आलास आणि अंड्यावरून भांडलास. तू उठून गेलास आणि बाहेर ट्रामच्या थांब्यावर छत्री उघडून उभा राहिलास. आत वहिनी मान खाली घालून बसल्या, अक्षया रडत होती. लेमलेमबाई बिचाऱ्या घाबरल्या, जेवणात काय वाईट निघालं म्हणून विचारत होत्या. पैसे घेईनात. नंतर त्या लोकांचा कॉफीचा मोठा थाट असतो, समोर बिया भाजतात, धूप घालतात. तो आम्ही मयताला बसल्यासारखा बघितला.

अंडं माझ्या तोंडात गेलं का, हे बघायला तू थांबलास कुठे? पुढचं लिहीत नाही. तू विश्वास ठेवणार नाहीस आणि मला विनवण्या करायची सवय नाही. आणि काट्यांचं म्हणशील, तर काटे तुला यायचे कारण तुला ते काढता यायचे. माझ्या घशात अडकायचे, आठवतं? तेव्हा घर डोक्यावर घेणारा तूच होतास.

वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस. खरा राग अंड्याचा नाही. आई गेली तेव्हा मी बंदरावर नव्हे, जहाजावर नोकरीला होतो, चारी बाजूंना पाणी. धडपडत तेराव्याला पोचलो, तर तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, पाहुणो इलो. आईच्या घरात मी पाहुणा! गणपती वेगळा करीन हे मी त्यानंतर बोललो, आधी नाही. पाट तुझ्या उशाखाली घेऊन झोप. मी फणसाच्या फळीचा नवा करून घेतो.

वहिनींना नमस्कार. तो मनापासून आहे.
मंगेश


वालावल
६ जुलै २०२५

मंगेशा,

आशीर्वादसुद्धा या खेपेस गाळतो. अंडं तोंडात गेलं नाही, तर काय कानात गेलं?

पाहुणो म्हणालो, आणि पुन्हा म्हणेन. आईला खांदा दिला तो मी आणि शेजारच्या पोरांनी. शेवटचे दोन महिने ती दारावर नजर लावून होती. कुत्रा भुंकला तरी मंगेश इलो काय, असं विचारायची. मी नाही म्हणून म्हणून दमलो रे. तुझं जहाज, तुझं पाणी मला कळतं, पण तिला काय सांगायचं होतं? त्या रागाला मी आणखी कुठे नेऊन टाकू? तूच होतास समोर, तुझ्यावर टाकला.

आता ऐक. गणपती वेगळा झाला की या घरात पुन्हा एकत्र बसायचं कारणच उरत नाही. मग तू देवबागला, मी इथे, आणि मेल्यावर सुतक पाळण्यापुरते भाऊ. तसंच हवं असेल तर नागपंचमीच्या आत दोन ओळी लिही, म्हणजे मी गुरवांना आणि भावकीला सांगून मोकळा होतो. एसटी डेपोत कंट्रोलर होतो, कुठली गाडी सुटणार आणि कुठली रद्द, हे मला वेळेवर कळलेलं बरं असतं.

आणि लेमलेमबाईंना सांग, जेवण वाईट नव्हतं. माणूस वाईट होता.
भाई


रॉटरडॅम
१४ जुलै २०२५

ती. बाबांना अक्षयेचा सा. न.

फोनवर काकांचं नाव काढलं की तुम्ही आईच्या हातात फोन देता, म्हणून मुकाट्याने वाचावं लागेल असं पत्र लिहिते आहे. काकांनी मला शपथ घातली होती की सांगायचं नाही. ती मोडते. पाप लागलं तर लागू दे.

स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात मी तुम्हाला आंबोळीत गुंडाळून एक घास भरवला होता, आठवतो? तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि लाजून खाल्लात. तो माझा चावटपणा नव्हता, त्या लोकांची रीत आहे. ज्याचा मान ठेवायचा, ज्याच्यावर जीव आहे, त्याला ताटातला सगळ्यात चांगला घास आपल्या हाताने भरवायचा. तुमची माफी मागायला काकांना तोंड नाही, म्हणून त्यांनी ही रीत धरली. किती शनिवार आम्ही लेमलेमबाईंकडे गेलो! काकांना तो घास गुंडाळता येईना. रस्सा कोपरापर्यंत गळायचा, बाई हसून हसून दमायच्या, आणि सरावाचे सगळे घास माझ्या पोटात. मी जाडी झाले ती त्यामुळे, आईला सांगा.

अंडं तुमच्यासाठीच उचललं होतं, बाबा. तुमच्या बाजूला हात घातला, कारण दुसरीकडे अंडं नव्हतंच. तुम्ही हात येताना बघितलात, तो वळेपर्यंत थांबला नाहीत. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा काकांचा हात तसाच वर होता. रस्सा बाहीत शिरला तरी खाली घेईनात. मग त्यांनी तो घास ताटात तुमच्या बाजूला ठेवून दिला. तो कोणीच खाल्ला नाही.

तुम्ही दोघेही हट्टी आहात, आणि मधल्या मध्ये आमचा जीव जातो. मला फार राग आला आहे, तुमचा आणि त्यांचाही. गणपतीला मला रजा नाही. पण घरी एकच गणपती बसला असं कळलं, तर इथे निदान जेवण जाईल.

तुमची,
अक्षया


वालावल
३० जुलै २०२५

चि. मंगेश यास आशीर्वाद. किती आणि कसले, ते नंतर ठरवू.

अक्षयेचं पत्र आलं. खरं की खोटं याचा निकाल मी देत नाही. काका-पुतणीने मिळून रचलेलंही असेल. तुझ्या दोन ओळी काही आल्या नाहीत. काल नागपंचमीला पाट शाळेत दिला. एकच दिला. तुझा फणसाचा झाला असेल, तर त्यावर बसून अंघोळ कर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर माटवीची चौकट बांधायची असते. नारळ, कवंडाळाची फळं, तिरड्याची फुलं टांगायला वर चढावं लागतं. माझा खांदा दुखतो. भावकीतल्या कोणाला बोलावलं तर ती मेली चहा पिऊन पसरतात. तेव्हा तिकीट काढ. बोलावतो आहे असं समजू नकोस, माणूस कमी पडतो आहे.

बांगड्याचं मी विसरलेलो नाही. ते समोरासमोर.
भाई


वालावल
४ सप्टेंबर २०२५

चि. अक्षयेस आईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांनी गाळले असतील तेही यात धर.

फोनवर सांगता येईना, दोघेही कान लावून इथेच असतात. गणपती एकच बसला. मंगेशभावजींनी माटवी बांधली, हे खाली उभे राहून चुका काढत होते. तिरडा वाकडा, नारळ खाली, दोरी कसली बांधलीस. भावजींनी वरून एक कवंडाळ सोडलं, ते यांच्या टकलावर बसलं. भावजी म्हणतात, सुटलं. सगळे दिवस एकमेकांशी शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत. त्याका सांग आरतीक ये, त्याका सांग टाळ हळू वाजव. मी म्हटलं, मी काय पोस्टमन? गौरी-गणपती पोचवताना मात्र पाणंदीत चिखल होता, तिथे भावजींनी गणपतीचा पाट एका बाजूने धरला, यांनी दुसऱ्या बाजूने, आणि दोघे पाण्यात उतरले.

काल हे सकाळीच कुडाळच्या बाजारात जाऊन आले. पिशवीत बांगडा एक. मी म्हटलं, घरात माणसं तीन, बांगडा एक कसा? तर तू नको, आमका दोघांकच, असं म्हणाले. मग माळ्यावरून तुझ्या आजीची पितळी काढून स्वतः चिंचेने घासली.  म्हटलं, आता हे ताट कोणाच्या तरी डोक्यात जाणार.

दोघे समोरासमोर बसले. मधे भात आणि तो तळलेला बांगडा. भावजी हात मांडीवर ठेवून बसले, बांगड्याकडे बघेनात. यांनी सावकाश काटे काढले. पोटाकडचा भाग उचलला आणि भावजींच्या डोळ्यांत बघत, मिटक्या मारत सगळा खाल्ला. सगळा! मग उरलेला सबंध काटा, डोक्यासकट, उचलून भावजींच्या तोंडाशी धरला. ह्यो तुझो वाटो, असं म्हणाले. 

भावजींनी तोंड उघडलं. काटा चोखायला लागले. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं मसाला तिखट झाला. पण चोखता चोखता काटा अडकला घशात, लहानपणी अडकायचा तसाच. तोंड लाल, खोकला थांबेना. मी भाताचा गोळा वळून धावले, तर यांनी तो माझ्या हातातून हिसकावला आणि स्वतः भावजींच्या तोंडात कोंबला. वर शिव्या. मेल्या, साठ वर्षांचो झालंस, काटो खावक येणा नाय, आवस असती तर माकाच मारल्यान असता. आणि एक हात पाठीवर आपटताहेत. काटा खाली गेला तरी गोळे भरवणं थांबेना, आणि भावजीही नको म्हणेनात.

आता दोघे ओटीवर बसून पुढच्या वर्षीच्या माटवीवरून भांडताहेत. त्यांचं चालू दे. तू जपून राहा, आठवण ठेव, माझी माया तुला न लिहिताही पोचते.

आणि तुझ्या लेमलेमबाईंना सांग, आमच्याकडेही माणसं घास भरवतात. फक्त आधी घशात काटा अडकावा लागतो.

तुझी,
आई