ट्रेलरच्या फुगलेल्या भिंती

शेषराव,

हाव, हातोडा मीच मारला. या वयात काऊन म्हनशील, तं ट्रेलरच्या भिंती फुगल्या होत्या म्हनून. शेतातल्या माह्या हिश्शाच्या बदल्यात तूच देल्ला होता ना तो, लोणारचं तळं पाहाले येनाऱ्या लोकाईले मुक्कामाले भाड्यानं द्याचा? "ताई, चाकावरचा बंगला हाय, हक्कसोडावर सही करून टाक," म्हने!

नव्या सनमायकाच्या मांगं प्लायवूड भिजल्या भाकरीवानी हाती आलं. छत गळते हे तुले ठाऊक होतं. गळती बुजवली नाही, नुसतं वरून चिकटवलं. सख्ख्या बहिनीले!

मंग सुतार लावला. सडलेलं समदं काढलं, छताचा सांधा बुजवला, सांगाडा आठ दिवस उन्हात वाळवला आन नवं प्लाय ठोकलं.

सोमवारी तू शेत इकाले गिऱ्हाईक घेऊन आपल्या बीबी गावाले येशील, तवा ट्रेलर माह्या हिश्शात उभा दिसन आन त्याच्या दारात मी. सही अजून केली नाही, करतही नाही. हे पत्रही धाडत नाही. आधी कळलं तं तू शेताच्या फाटकाले कुलूप लावशील.

गिऱ्हाइकासमोर एवढंच बोलीन: हा हिस्सा माहा हाय, आन माही सही नाही. बस.

कोकिळा